तोंडओळखीचे विज्ञान

पुण्यात सकाळी टेकडीवर जाणाऱ्या कोणालाही विचारावे की रोज समोरून येणाऱ्यांपैकी किती जणांना तुम्ही ओळखता, तर उत्तर द्यायला त्यांना थोडा विचार करावा लागेल. नावे फार तर दोन-चार जणांची माहीत असतात. पण कोण कुठल्या वळणावर भेटते, कोण काठी टेकत चढते, कोण उतरताना स्तोत्र पुटपुटत असते आणि कोणाच्या पिशवीत कुत्र्यांसाठी बिस्किटे असतात, हे सगळे पाठ झालेले असते. ही माणसे मित्र नव्हेत, पण त्यांना परके म्हणायलाही जीभ रेटत नाही. शहरातली रोजची माणुसकी बऱ्याच अंशी याच पातळ ओळखीवर उभी आहे आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचा खासगीपणा राखला जातो म्हणूनच ही ओळख टिकते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. विज्ञानाने या ओळखीकडे बारकाईने पाहिले आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ मध्ये अशा माणसांना ‘ओळखीचे अनोळखी’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या एका उपनगरी स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांची छायाचित्रे घेतली आणि नंतर तीच छायाचित्रे त्याच प्रवाशांना दाखवून यांपैकी कोणाला ओळखता, असे विचारले. सरासरी प्रवाशाने सुमारे चार चेहरे असे दाखवले की जे त्याला चांगले परिचित होते, पण ज्यांच्याशी तो कधीही बोललेला नव्हता. मिलग्रॅम यांचे निरीक्षण असे होते की न बोलण्याचा काळ जितका लांबतो तितके बोलणे अधिक अवघड होत जाते. मात्र हीच दोन माणसे नेहमीच्या जागेपासून दूर कुठे तरी समोरासमोर आली, तर जुने स्नेही भेटावेत तशी बोलू लागतात. रोज एकाच फलाटावर उभे राहून एकमेकांशी न बोलणारे दोघे काश्मीरच्या सहलीत भेटले की चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून आग्रह करू लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असेल.

चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव-गाव मात्र आठवत नाही, याला मेंदूची कारणे आहेत. जॉर्ज मॅन्डलर यांनी १९८० मध्ये मांडले की ओळखण्याच्या क्रियेत दोन वेगळ्या प्रक्रिया असतात. पहिलीमुळे ‘याला मी पाहिले आहे’ एवढीच जाणीव होते आणि ती झटकन होते, तर दुसरीमुळे कुठे, केव्हा, कोणत्या संदर्भात पाहिले, हे सावकाश आठवते. त्यांनी दिलेले उदाहरण बसमध्ये अचानक दिसलेल्या खाटकाचे होते. आपल्याकडे औषधांच्या दुकानातला माणूस लग्नाच्या हॉलमध्ये जरीच्या कुर्त्यात दिसला की हेच होते. पुढच्या संशोधनात या दोन प्रक्रियांशी मेंदूच्या आतील बाजूचे शेजारशेजारचे, पण वेगळे भाग निगडित असल्याचे पुष्कळ पुरावे मिळाले असून, संदर्भासह आठवण्याच्या कामात हिप्पोकॅम्पस या भागाचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. तोंडओळख पहिल्या प्रक्रियेवर भागते. दुसरीची तिला बहुतेक वेळा गरजच पडत नाही.

आणि ओळखायला चेहराच लागतो असेही नाही. कर्वे रस्त्यावर उन्हाळ्यातल्या दुपारी पाहावे, म्हणजे चेहरा पूर्ण स्कार्फमध्ये गुंडाळलेल्या, डोळ्यांवर गॉगल आणि हातात कोपरापर्यंतचे मोजे घातलेल्या मुली दुचाकीवरून जाताना दिसतात. ऊन, धूळ आणि धूर यांपासून बचाव हे त्याचे उघड कारण. पण आपण कुठे आणि कोणाबरोबर चाललो आहोत हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळण्याचे कारण नाही, ही सोयही त्यात आहे आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. गंमत अशी की या मुलींच्या मैत्रिणी त्यांना सिग्नलवर मागूनसुद्धा ओळखतात. स्कार्फची गाठ मानेमागे बांधली आहे की डोक्यावर खोचली आहे, गाडी थांबवताना कोणता पाय टेकतो, पाठीवरची सॅक एकाच खांद्यावर आहे का, खांदे किती ताठ आहेत, एवढ्यावर ओळख पटते आणि हॉर्न वाजतो.

या क्षमतेचा प्रयोगशाळेतला अभ्यास स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांच्यापासून सुरू झाला. १९७३ मध्ये त्यांनी माणसाच्या घोट्यांवर, गुडघ्यांवर, कोपरांवर, खांद्यांवर वगैरे लहान प्रकाशबिंदू लावून अंधारात चित्रीकरण केले. स्थिर चित्रात नुसते विखुरलेले ठिपके दिसत. पण ते हलू लागताच पाहणाऱ्याला क्षणार्धात चालणारा माणूस दिसे. १९७७ मध्ये कटिंग आणि कोझलोव्हस्की या अमेरिकी संशोधकांनी परस्परांना ओळखणाऱ्या मित्रांवर हाच प्रयोग केला, तेव्हा केवळ ठिपक्यांच्या हालचालीवरून लोकांनी आपले मित्र निव्वळ अंदाजाने जमले असते त्यापेक्षा स्पष्टपणे अधिक वेळा ओळखले. आपण जिला एखाद्याची ढब म्हणतो ती कपड्यांत असते तशीच सांध्यांच्या तालातही असते, आणि ती लपवणे चेहरा लपवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे.

वारंवार दिसण्याने ओळख वाढते, तसा जिव्हाळाही वाढतो. एखादी गोष्ट पुनःपुन्हा नजरेसमोर आली की ती आवडू लागण्याकडे कल होतो, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले होते. १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच यांनी हीच गोष्ट एका खऱ्या वर्गात तपासली. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणींपैकी एक त्या सत्रात वर्गात आलीच नाही आणि बाकीच्या अनुक्रमे पाच, दहा आणि पंधरा तासांना येऊन बसल्या. त्यांनी कोणाशीही बोलायचे नाही असे ठरलेले होते. सत्राच्या शेवटी छायाचित्रे दाखवल्यावर विद्यार्थ्यांना जास्त वेळा आलेल्या तरुणी अधिक आवडत्या वाटल्या. त्यांनी काही केले नव्हते, त्या फक्त तिथे होत्या.

मी कोथरूडहून पुणे स्टेशनकडे जाणारी बस धरतो, त्या थांब्यावर एक वयस्कर गृहस्थ येतात. पाऊस असो वा नसो, सदऱ्याच्या मागच्या कॉलरला त्यांची छत्री अडकवलेली असते. तिकीट घेतल्यावर ते त्याची बारीक घडी घालून घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवतात आणि उतरेपर्यंत अधूनमधून बोटाने ते जागेवर आहे ना हे चाचपतात. एकदा बस सुटत असताना ते लांबून घाईने येताना दिसले. दारापाशी उभ्या असलेल्या एका तरुणीने, जिने त्यांच्याशी कधी शब्दही बोलल्याचे मी पाहिले नव्हते, कंडक्टरला सांगितले, “दादा, एक मिनिट, मागून काका येतायत.” घंटी वाजली, बस थांबली, ते चढले, तिच्याकडे पाहून त्यांनी मान किंचित हलवली आणि नेहमीच्या जागेकडे गेले. नाव विचारणे, कुठे उतरता, काय करता, असे काहीच झाले नाही. या मदतीसाठी एकच माहिती पुरेशी होती: हे गृहस्थ याच बसने जातात. ती माहिती तिला त्यांच्या छत्रीने दिली होती.

मिलग्रॅम यांनी आपल्या लेखनात याहून गंभीर प्रसंग नोंदवला आहे. ब्रुकलिनमध्ये एक बाई रस्त्यात बेशुद्ध पडली, तेव्हा त्याच रस्त्यावर राहणारी आणि तिला वर्षानुवर्षे केवळ पाहून ओळखणारी दुसरी बाई धावली. तिने रुग्णवाहिका तर बोलावलीच, शिवाय उपचार नीट होतील आणि तिच्या वस्तू गहाळ होणार नाहीत हे पाहायला ती रुग्णालयापर्यंत सोबत गेली. आयुष्यात कधी न बोललेल्या व्यक्तीविषयी इतकी जबाबदारी मनात साठून राहू शकते, हे मला या साऱ्या संशोधनातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

अशा नात्यातला रोजचा व्यवहार म्हणजे एक नजर, आणि तिचाही अभ्यास झालेला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एरिक वेसलमन, किपलिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारात समोरून येणाऱ्या लोकांच्या बाबतीत तीन गोष्टी केल्या: काहींच्या नजरेला नजर दिली, काहींना नजरेबरोबर स्मितही दिले, आणि काहींच्या आरपार, जणू ते हवाच आहेत असे पाहिले. लगेच पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या संशोधकाने विचारल्यावर, ज्यांच्या आरपार पाहिले गेले होते त्यांना इतरांपासून तुटल्याची जाणीव अधिक असल्याचे आढळले. अनोळखी माणसाच्या क्षणभराच्या नजरेने एवढा फरक पडतो. दुसऱ्या बाजूने, नजर लांबली की ती टोचू लागते. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आलेल्या सुमारे ५०० जणांवर २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात, पडद्यावरच्या चेहऱ्याने आपल्याकडे सरळ पाहत राहण्याचा सुखद वाटणारा काळ सरासरी ३.३ सेकंद निघाला.

एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये या संयमाचे वर्णन केले होते. सार्वजनिक जागी आपण दुसऱ्याकडे एवढेच पाहतो की त्याचे असणे आपण मान्य केल्याचे त्याला कळावे, आणि मग नजर काढून घेतो, जेणेकरून तो आपल्या कुतूहलाचा विषय नाही हेही त्याला कळावे. ही सभ्यता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही त्यांनी लिहिले आहे. या बाबतीत पुण्याने स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहायला हवे. ईशान्येकडून किंवा आफ्रिकी देशांतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांकडे, केस रंगवलेल्या मुलीकडे, कानात डूल घालणाऱ्या मुलाकडे बसमध्ये जे टक लावून पाहिले जाते, ते ३.३ सेकंदांत संपत नाही. त्यानंतर भाडे किती, घरी कोण कोण येते, लग्न का केले नाही, अशा चौकश्या सुरू होतात आणि विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. मदत करायला यांतल्या कोणत्याही उत्तराची गरज नसते.

स्वतःच्या वेगळेपणाविषयी आपले अंदाजही दोन्ही बाजूंनी चुकतात. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले, तेव्हा त्यांना वाटले की जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते चित्र लक्षात आले असेल. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच लक्षात आले होते. याउलट एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात दिसले की, आपण इतरांचे जितके निरीक्षण करतो तितके ते आपले करत नाहीत, असे बहुतेकांना वाटत असते, आणि तोही भ्रमच आहे. ज्या डागाची आपल्याला धास्ती असते त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पण आपली एकंदर ढब, वेळ आणि वाट मात्र आपल्या नकळत अनेकांच्या ओळखीची झालेली असते.

नेमकी हीच गोष्ट आता यंत्रांनाही जमते, आणि इथे मला खरी काळजी वाटते. २०१३ मध्ये द मॉन्जॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी, नावे काढून टाकून तपासल्या. एखादी व्यक्ती कोणत्या तासाला कोणत्या टॉवरच्या परिसरात होती, अशा फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतर सर्वांपासून वेगळे काढायला पुरेशा होत्या. सकाळी टेकडी, मग कार्यालय, गुरुवारी संध्याकाळी मंदिर आणि रविवारी आईकडे, एवढ्यात तुमची ओळख पूर्ण होते; नाव काढले म्हणजे माहिती निनावी झाली, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. त्याच वर्षी सिंगापूरमधल्या बसच्या स्मार्ट कार्डांच्या लक्षावधी नोंदींवरून संशोधकांनी दाखवले की ठरावीक वेळी प्रवास करणारे तेच ते लोक पुनःपुन्हा एकत्र येतात. मिलग्रॅम यांचे ओळखीचे अनोळखी पहिल्यांदाच संपूर्ण शहराच्या पातळीवर दिसले, आणि ते नोंदींच्या साठ्यातून दिसले.

थांब्यावरची ती तरुणी आणि नोंदींचा साठा, दोघेही छत्रीवाल्या गृहस्थांना ओळखतात. पण तिची ओळख परस्पर आहे, कारण तेही तिला पाहतात. ती विसरणारी आहे आणि ती त्या थांब्यापुरतीच आहे. साठ्याला यांतले काहीच लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. सार्वजनिक जागेत आल्याने माणूस खासगीपणा गमावत नाही, तो व्यक्तीबरोबर असतो, असेही त्यात म्हटले आहे. प्रकाशबिंदूंच्या प्रयोगांनंतर हे म्हणणे किती नेमके आहे ते कळते, कारण आपली चाल घरी ठेवून बाहेर पडता येत नाही.

न्यूयॉर्कच्या पदपथांचा अभ्यास करणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये एक रीत नोंदवली होती. तिथले लोक पाहुण्यांसाठी घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवत, आणि त्याच्यावर विश्वास टाकण्याचे एक कारण असे की आपल्याकडे कोण येते ही बाब त्याला स्वतःच्या चौकशीची वाटत नसे. पुण्याच्या पेठांत वाण्याकडे किल्ली ठेवणाऱ्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. आज सोसायटीच्या फाटकावर येणाऱ्याचे नाव, फोन नंबर आणि छायाचित्र ॲपवर नोंदवले जाते. धुणीभांडी करणाऱ्या मावशी किती वाजता आल्या आणि किती वाजता गेल्या, हेही सर्व सभासदांना दिसते. सुरक्षिततेची गरज मी नाकारत नाही. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी एवढेच विचारणार आहे की या नोंदी किती दिवस ठेवल्या जातात, त्या कोण पाहू शकते, आणि मावशींना स्वतःची नोंद पाहण्याची सोय आहे का.