वजन उतरवणं वेगळं, वजन थोपवणं वेगळं

मोठ्या माणसाचं वजन उतरवायचं असतं. वाढत्या मुलाचं बहुतेक वेळा थोपवायचं असतं. या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे घराघरांत पोरांचे हाल होतात. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आहाराचा सल्ला देताना ते मी रोज बघते. आईबाबांची काळजी खरी असते, मेहनतही खरी असते. फक्त मोठ्यांचा नियम लेकराला लावलेला असतो.

मोठ्यांचं डाएट तुम्हाला पाठ आहे, त्यावर फार लिहीत नाही. उंची ठरून गेलेली, त्यामुळे लठ्ठपणा कमी करायचा तर किलोच खाली यायला हवेत. म्हणून दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं, आकडा उतरला तर बरं, नाही उतरला तर रात्रीचा भात बंद. मोठ्यांसाठी हा हिशोब ठीकच आहे.

मुलाची उंची मात्र अजून ठरलेली नसते. साधारण पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल दर वर्षी 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. वयात येताना हा वेग मुलींमध्ये वर्षाला 8 सेंटिमीटरपर्यंत आणि मुलग्यांमध्ये 9-10 सेंटिमीटरपर्यंत जातो. वजन आहे तिथेच राहिलं आणि उंची वाढत गेली, तर मूल आपोआप सडपातळ होत जातं. मुलाच्या बाबतीत आपल्या बाजूने काम करणारी सगळ्यात मोठी ताकद हीच, आणि काट्याकडे डोळे लावून बसलेल्या घराला नेमकी तीच दिसत नाही.

एक हिशोब पुरा मांडते, कारण सगळे इथेच अडखळतात. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा. तो काढायचा म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. समजा, आठ वर्षांचा मुलगा आहे. उंची 128 सेंटिमीटर, वजन 34 किलो. बीएमआय आला 20.8. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ वर्षांच्या मुलग्यासाठी जादा वजनाची रेघ 17.4 वर आहे आणि लठ्ठपणाची 19.7 वर. म्हणजे हा मुलगा लठ्ठपणाच्या रेघेच्याही वर आहे, काळजीचं कारण आहे.

आता दोन वर्षं पुढे चला. उंची वर्षाला 6 सेंटिमीटरने वाढली आणि 140 झाली. वजन 34 वरच राहिलं. बीएमआय झाला 17.3. दहा वर्षांच्या मुलग्याची जादा वजनाची रेघ 18.5 वर असते. मुलगा रेघेच्या खाली, निरोगी पट्ट्यात आला, आणि एक किलोसुद्धा उतरलेला नाही! पुढचा आकडा तर मी प्रत्येक आईला तिच्याकडूनच करून घेते. दोन वर्षांत वजन 2 किलोंनी वाढून 36 झालं असतं तर? बीएमआय 18.4. तरीही रेघेच्या आत. काट्यावरचा आकडा वाढला आणि मूल मात्र निरोगी झालं, हे मोठ्यांच्या बाबतीत कधीच होत नाही. या वयात मुलाचं वजन एरवी वर्षाला 2-3 किलो वाढतच असतं. त्यामुळे दोन वर्षांत फक्त 2 किलो वाढणं हे मोठं यश आहे. त्याला अपयश म्हणू नका.

हे लक्षात न घेता मोठ्यांसारखं पोट मारलं की काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर आला होता. काट्यावर चढण्याआधी त्याने पट्टा काढला, खिशातली नाणी आणि रबरबँड टेबलावर ठेवले, मग काट्यावर उभा राहून श्वास रोखून धरला. कुणी सांगितलं नव्हतं, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं होतं. घरी रात्री त्याला फक्त वाटीभर सूप मिळायचं. बाकीचे शेजारी बसून आमटी-भात जेवायचे. पहिल्या महिन्यात 2 किलो उतरले, पुढच्या दोन महिन्यांत 3 परत आले. आई बाहेर फोनवर बोलत होती तेव्हा मान खाली घालून त्याने मला सांगितलं, की सगळे झोपले की तो स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली साखर चमच्याने खातो. हा मुलगा हावरट नव्हता, भुकेला होता. वाढत्या अंगाला प्रथिनं, कॅल्शियम, लोह लागतं. ते तोडलं तर स्नायू झिजतात आणि उपासमार फार झाली तर उंचीचा वेगही मंदावू शकतो. म्हणजे जी उंची आपलं काम करणार, तिलाच आपण अडवतो.

त्याचं सूप बंद केलं. घरात जे शिजतं तेच त्याला, सगळ्यांबरोबर. चार महिन्यांनी आई आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ‘ताई, एक किलोसुद्धा हललं नाही हो.’ मी उंची मोजली. 2 सेंटिमीटर वाढली होती. त्याच्या कार्डावरचे बीएमआयचे दोन ठिपके जोडून दाखवले तेव्हा रेघ खाली उतरत होती. त्याने ती बोटाने दोनदा गिरवली. हवं होतं ते अगदी असंच घडत होतं, आणि घरात चार महिने त्याला त्यावरून बोलणी बसत होती.

अपवाद आहेत, तेही नीट समजून घ्या. थोपवण्याचा मार्ग उंची शिल्लक असेपर्यंतच चालतो. मुलीची पाळी सुरू झाली की त्यानंतर साधारण 5 ते 7 सेंटिमीटर उंचीच उरते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ‘उंची वाढली की होईल नीट’ असं सांगणं ही तिची फसवणूक आहे. तिथे वजन हळूहळू उतरवावंच लागतं. आणि लहान मुलाचं वजन फारच जास्त असेल, दम लागत असेल, झोपेत जोरात घोरत असेल, तर डॉक्टर वजन उतरवायलाही सांगतात. पण अकरा वर्षांच्या आत तो वेग साधारण महिन्याला अर्धा किलोच्या पुढे न्यायचा नसतो, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. महिन्यात पाच किलो उतरवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात मूल घेऊन जाऊ नका.

याच गोंधळातून दुसरा गोंधळ निघतो. मोठ्यांचा बीएमआय तक्ता मुलाला लावतात. वरच्या हिशोबातल्या मुलाचा 20.8 हा आकडा फोनमधल्या मोठ्यांच्या ॲपमध्ये टाका, ते हिरवी खूण दाखवून ‘नॉर्मल’ म्हणेल. मोठ्या माणसाला तो नॉर्मलच असतो. आठ वर्षांच्या मुलग्याला तो लठ्ठपणा आहे. उलटही होतं. आठ वर्षांच्या मुलग्याचा मधला बीएमआय 15.7 असतो, आणि तेच ॲप त्याला ‘अंडरवेट’ ठरवतं. मग आजी काळजीने वरणावर आणखी चमचाभर तूप वाढते आणि धडधाकट नातवाला नसलेल्या आजाराचा उपचार सुरू होतो. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावरच वाचायचा, नुसत्या आकड्याला अर्थ नाही. आपल्याकडे 5 ते 18 वर्षांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे 2015 चे तक्ते आहेत. ते तयार करण्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. त्यातल्या जादा वजन आणि लठ्ठपणाच्या रेघा मोठेपणीच्या 23 आणि 27 या आकड्यांना जाऊन मिळतात. पाच वर्षांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते वापरतात. वर मी संघटनेचे आकडे घेतले, भारतीय तक्त्यातल्या रेघा त्याहून थोड्या वेगळ्या आहेत. कुठलाही एक धरा, पण दर वेळी तोच.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. फळ आणि ज्यूस एक नाही, फळ चावून द्या. पाण्याऐवजी ज्यूस नको, बाटलीतला तर नकोच. साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स आणि वरीच्या भातावर दाण्याची आमटी म्हणजे हलकं खाणं नव्हे, त्यामुळे ‘आठवड्यातून एक उपवास धर’ हा सल्ला मुलांना देऊ नका. आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीला पोषण समजू नका. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितलं होतं. दूध दुधासारखंच द्या.

मग थोपवायचं कसं? माझं मत पक्कं आहे: घरात एकाच मुलाचं वेगळं ताट नको. धाकटीला फरसाण आणि थोरल्याला काकडी, असं वाढलं की थोरला काकडीचाही द्वेष करायला लागतो आणि बहिणीचाही. आणायचंच नाही ते कुणासाठीच आणू नका. खारी, बटर, क्रीमची बिस्किटं घरात आली की कुणीतरी खाणारच. काय शिजणार आणि कधी वाढणार हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलाने. ताटातलं संपवायची सक्ती नको आणि ‘अजून एक पोळी घे, माझी शपथ’ हेही नको. पोट भरल्याची खूण मुलाला आतून कळते, शपथा घालून घालून आपण ती पुसून टाकतो. भात बंद करायचं कारण नाही. भात, वरण, पालेभाजी, उसळ, ताक असं जेवण असेल तर वाढणाऱ्या मुलाला त्यात बहुतेक सगळं मिळतं. फक्त मोबाइल बाजूला ठेवून खाऊ द्या, कारण पडद्याकडे बघत खाणाऱ्याला पोट भरल्याचं कळतच नाही.

हालचाल रोज तासभर हवी, धाप लागेल अशी. जिममध्ये नाही, मैदानात. लगोरी, खो-खो, सायकल, पोहणं, काहीही चालेल. दोन ट्यूशनच्या मधल्या वेळेत हे बसत नसेल तर एक ट्यूशन सोडा. हे मी खूप घरांत सांगते आणि खूप घरांना ते रुचत नाही, तरी सांगत राहणार. आणि झोप: 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास लागते. अकराला झोपून सहाच्या शाळेच्या गाडीसाठी उठणारं मूल दुसऱ्या दिवशी दिवसभर गोड शोधतं.

‘जाड्या’, ‘गोलू’, ‘ढब्बू’ ही लाडाची नावं नाहीत. मामा-काकांना सांगा, पाहुण्यांनाही सांगा. ज्या मुलाला अंगावरून बोललं जातं ते मैदानात जायचं टाळतं आणि एकटं खायला लागतं. आमच्याकडे येणारी जी मुलं काट्याकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांना बहुतेक वेळा घरातच असं एखादं नाव पडलेलं असतं.

लठ्ठपणा दोन तऱ्हांचा दिसतो, त्यातला फरक मात्र जरूर ओळखा. जास्त खाण्याने आणि कमी हालचालीने लठ्ठ झालेलं मूल सहसा वर्गातल्या बरोबरीच्यांपेक्षा उंच असतं. जाड आणि उंच, तर कारण बहुधा घरातच सापडतं. जाड पण बुटकं, किंवा उंची वाढायची थांबली आणि वजन वाढत चाललं, तर डॉक्टरांकडे लगेच जा, तिथे थायरॉइड किंवा दुसऱ्या हार्मोनचं दुखणं असू शकतं. ‘थायरॉइडमुळेच जाड आहे’ असं परस्पर ठरवू नका. लठ्ठ मुलांत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतलं हार्मोन, थोडं वाढलेलं पुष्कळदा दिसतं, आणि बऱ्याचदा ते लठ्ठपणाचा परिणाम असतं. तसंच, मानेवर आणि काखेत मखमलीसारखा काळा थर आला असेल तर तो मळ नाही. लिंबू, बेसन, घासणी लावून लेकराची कातडी सोलू नका. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण आहे. रक्त तपासून घ्या.

काटा रोज काढू नका, महिन्यातून एकदा पुरे. त्याऐवजी दाराच्या चौकटीवर उंची मांडा. अनवाणी उभं करायचं, टाचा, कुल्ले आणि पाठ चौकटीला टेकवायची, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरायचं, ते चौकटीला काटकोनात टेकलं की त्याच्या खाली पेन्सिलीने रेघ. केस बांधलेले असतील तर सोडायचे. सकाळी मोजलं असेल तर पुढच्या वेळीही सकाळीच, कारण संध्याकाळपर्यंत उंची जराशी कमी भरते. रेघेशेजारी तारीख लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दवाखान्यात येताना त्या रेघांचे आकडे एका कागदावर उतरवून आणा.