कॉन्करंट ट्रेनिंग : कार्डिओ आणि वेट्स एकत्र

कॉन्करंट ट्रेनिंग म्हणजे दम वाढवणारा व्यायाम आणि ताकद वाढवणारा व्यायाम एकाच काळात करणं, मग ते एकाच दिवशी असो नाहीतर आठवड्यात वाटून असो. दमाचा म्हणजे पळणं, भरभर चालणं, सायकल, पोहणं, रोइंग, दोरीउड्या, ज्याला सगळे सरसकट कार्डिओ म्हणतात. ताकदीचा म्हणजे वेट्स, मशिन्स, रेझिस्टन्स बँड किंवा स्वतःच्याच वजनावरचे पुशअप, पुलअप, स्क्वॉट. बहुतेक लोक याकडे वळतात ते चरबी कमी करायला आणि त्याच वेळी मसल वाढवायला, म्हणजे नुसतं वजन उतरवणं हा हेतू नसतो, शरीराची घडण बदलायची असते, आणि या बदलाला जिममधे बॉडी रिकॉम्पोझिशन किंवा थोडक्यात रिकॉम्प म्हणतात.

दोन्ही व्यायामात घाम येतो, दोन्हीत धाप लागते, पण शरीर त्यातून शिकतं ते वेगवेगळं. रोज अर्धा-पाऊण तास एका लयीत पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमधे केशवाहिन्या वाढतात, पेशींमधल्या माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे भाग, वाढतात आणि ऑक्सिजन वापरायची ताकद सुधारते. वेट्स उचलणाऱ्याच्या स्नायूवर जो ताण येतो त्याला उत्तर म्हणून शरीर स्नायूतंतू जाड करतं आणि मेंदू एकाच वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला शिकतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उचलायचं वजन झपाट्याने वाढवता येतं पण आरशात काहीच फरक दिसत नाही, त्याचं कारण हेच, आधी मज्जासंस्था शिकते आणि मग मसल दिसायला लागतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर कितीतरी जण सोडून देतात याचं खरंच वाईट वाटतं.

कार्डिओने मसल जातात का

हा प्रश्न जिममधे रोज कुणीतरी विचारतं. त्याची मुळं १९८० सालच्या एका प्रयोगात आहेत. रॉबर्ट हिक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकाने तीन गट केले, एकाने फक्त ताकदीचा व्यायाम आठवड्यातून ५ दिवस केला, दुसऱ्याने फक्त दमाचा ६ दिवस आणि तिसऱ्याने दोन्ही पूर्णच्या पूर्ण, असं १० आठवडे चाललं. तिसऱ्या गटाची पायांची ताकद पहिले सहा-सात आठवडे छान वाढली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. दम मात्र त्यांचा दुसऱ्या गटाइतकाच वाढला. म्हणजे कार्डिओने ताकदीला अडवलं, ताकदीने दमाला अडवलं नाही. यालाच पुढे इंटरफिअरन्स इफेक्ट म्हणायला लागले.

हा प्रयोग चुकीचा नाही, पण तो कसा होता हे बघितल्याशिवाय त्याचा धसका घेऊ नये. तिसऱ्या गटाला आठवड्याला ११ सेशन होते, ताकदीचा भर पायांवर आणि दमाचा व्यायामसुद्धा पायांचाच, त्यात ३ दिवस सायकलवर कडक इंटरव्हल (थोडा वेळ पूर्ण जोर, मग थोडी उसंत, असं आलटून पालटून) आणि ३ दिवस जमेल तितक्या जोरात पळणं. नोकरी, घर, झोप सांभाळून आठवड्यात चार-पाच तास काढणारा माणूस याच्या जवळपासही जात नाही. तरी त्या एका निष्कर्षावरून कित्येक वर्षं मसल बनवायचे असतील तर पळू नका असं सांगितलं गेलं, आणि लोक जिना चढताना धापा टाकत राहिले तरी ट्रेडमिलला हात लावेनात.

नंतर यामागचं पेशींच्या पातळीवरचं कारणही मांडलं गेलं. पेशीतली ऊर्जा कमी झाली की एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, ते पेशीला काटकसर करायला लावतं, आणि त्या काटकसरीत एमटॉर नावाचा मार्ग दबतो, जो स्नायूत नवीन प्रथिनं बांधायला लागतो. लांब किंवा कडक कार्डिओने पहिलं वाढतं, वेट्सने दुसरं. कागदावर हे फार नीट बसतं. पण माणसाच्या शरीरात ते ऑन-ऑफ बटणासारखं चालत नाही, कार्डिओनंतर वाढलेलं एएमपीके काही तासांत खाली येतं तर वेट्सनंतर स्नायू बांधायचं काम २४ तास किंवा त्याहून जास्त चालू राहतं. त्यामुळे रोजच्या अनुभवात मसल अडतात ते बहुतेक वेळा एन्झाइममुळे नाही, तर थकलेल्या पायांनी स्क्वॉट केल्यामुळे आणि पुरेसं न खाल्ल्यामुळे.

बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष काय सांगतात? २०१२ मधल्या अशा एका अभ्यासात पळण्याचा अडथळा दिसला पण सायकलचा तसा दिसला नाही, आणि कार्डिओचे दिवस आणि मिनिटं वाढली तसा अडथळाही वाढला. २०२२ मधे ४३ प्रयोग एकत्र केले तेव्हा मसलची वाढ आणि जास्तीत जास्त ताकद यांवर कार्डिओचा म्हणण्यासारखा वाईट परिणाम दिसला नाही, फक्त स्फोटक ताकद, म्हणजे उडी मारणं किंवा झटक्यात जोर लावणं, थोडी कमी वाढली, तीही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सेशनमधे केले तेव्हा. त्याच वर्षीच्या आणखी एका विश्लेषणात एकेका स्नायूतंतूची जाडी मोजली तर थोडासा तोटा निघाला, आणि पुन्हा पळण्यातच जास्त. पळताना प्रत्येक पावलाला पाय जमिनीवर आपटतो आणि स्नायू ताणला जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतो, त्याने झीज जास्त होते, सायकलवर तसं होत नाही, हे त्यामागचं एक कारण मानतात.

चरबी नक्की कशाने जाते

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. पळताना ढोबळमानाने दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे एक कॅलरी लागते, म्हणजे ७० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर पळलं तर ३५० कॅलरी झाल्या, आणि नुसत्या पळण्यावर एक किलो चरबी उतरवायची तर असं २२ वेळा पळावं लागेल, तेही पळून आल्यावर लागलेल्या भुकेत एक घासही जास्त न खाता. तेवढ्याच कॅलरी ताटातून कमी करणं कितीतरी सोपं. म्हणून चरबी कमी होण्याचा मोठा भाग खाण्यावर ठरतो. कार्डिओ त्याला हातभार लावतं, हृदय आणि रक्तदाब सुधारतं, आणि खाणं फारच आवळायची वेळ येऊ देत नाही.

मग वेट्सचं काम काय? कॅलरी कमी मिळायला लागल्या की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला बघतं. वेट्स शरीराला सांगतात की हा स्नायू रोज कामाला लागतोय, याला हात लावू नकोस. मसल वाढले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात असं जे सांगतात ते मात्र फुगवून सांगितलेलं आहे, एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला साधारण १३ कॅलरी वापरतो आणि एक किलो चरबी साडेचार, म्हणजे फरक आहे पण त्यावर भिस्त ठेवावी इतका नाही. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हेही असंच, चरबी सगळ्या अंगातून उतरते आणि कुठून आधी उतरायची ते बऱ्याच अंशी अनुवंशिकता ठरवते. आणि उतरलेली चरबी घामातून जात नाही, १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतात आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. जाड जॅकेट घालून ट्रेडमिलवर पळणाऱ्यांना हे कुणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१२ मधे जास्त वजनाच्या प्रौढांवर आठ महिन्यांचा प्रयोग मांडला. फक्त कार्डिओवाल्यांची चरबी उतरली, फक्त वेट्सवाल्यांचे मसल वाढले पण चरबीत म्हणावा असा फरक नाही, आणि दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही मिळालं, चरबी साधारण कार्डिओवाल्यांइतकीच गेली आणि वर मसलही वाढले, पण त्यांचा वेळ जवळपास दुप्पट गेला. एकत्र करायचं ते का, याचं इतकं सरळ उत्तर दुसरीकडे सापडणं कठीण.

प्रोटीनचा भाग वेगळा सांगायला लागतो. २०१६ मधे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुण पुरुषांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी देऊन ४ आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, वेट्स आणि कडक इंटरव्हल दोन्ही करायला लावलं. निम्म्यांना शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, निम्म्यांना २.४ ग्रॅम. जास्त प्रोटीनवाल्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबी सोडून बाकीचं वजन १.२ किलो वाढलं, कमीवाल्यांची ३.५ किलो चरबी गेली आणि बाकीचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. ही मुलं जास्त वजनाची होती, खाणं मोजून मिळत होतं, व्यायाम करून घेणारे समोर उभे होते, त्यामुळे घरी असाच आकडा येईल असं धरू नये. सर्वसाधारणपणे किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मसलसाठी पुरतं, खाणं कमी केलेलं असताना थोडं जास्त ठेवतात.

रिकॉम्प सगळ्यांना सारखं जमत नाही. नवशिके, मोठ्या गॅपनंतर परत आलेले आणि अंगावर चरबी जास्त असलेले यांना ते सगळ्यात लवकर साधतं. चार-पाच वर्षं नीट वेट्स मारलेल्या आणि आधीच सडपातळ असलेल्या माणसाला मात्र दोन्ही एकदम ओढणं फार हळू जातं, त्याने काही महिने मसल आणि काही महिने चरबी असं आलटून पालटून केलेलं बरं.

आठवडा कसा लावायचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा दमाचा व्यायाम आणि किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम असं आहे. मसल वाढवायचे असतील तर वेट्सचे ३ दिवस आणि प्रत्येक स्नायूला आठवड्यात साधारण १० सेट (सेट म्हणजे एकच हालचाल न थांबता काही वेळा करणं, त्यातली प्रत्येक वेळ म्हणजे एक रेप) हा चांगला पाया आहे, कार्डिओचे २ ते ३ दिवस त्यात बसतात. एकाच दिवशी दोन्ही करायचं तर आधी वेट्स आणि मग कार्डिओ, आणि शक्य असेल तर मधे ६ तासांचं अंतर, म्हणजे एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने क्रम उलटा ठेवला तरी चालेल, ज्याचं महत्त्व जास्त ते ताज्या अंगाने करायचं.

क्रम उलटला की काय होतं ते स्क्वॉटमधे लगेच कळतं. आधी वीस मिनिटं इंटरव्हल पळून या आणि मग नेहमीचं वजन खांद्यावर घ्या, पहिला सेट निघतो, दुसऱ्यात खालून वर येताना गुडघे आत यायला लागतात, तिसऱ्यात आठ रेप्सच्या जागी पाच होतात आणि सहावीला कंबर आधी वर येते आणि छाती मागे राहते. तिथे रॅकवर ठेवायचं. वहीत ८, ८, ८ च्या जागी ८, ७, ५ लिहिलं जातं, आणि असं आठवड्यामागून आठवडा होत राहिलं तर मसलला वाढायचं कारणच मिळत नाही. म्हणून वही ठेवाच, वजन आणि रेप्स दोन्ही लिहा, खाणं कमी करत असताना ते आकडे टिकले तर मसल टिकताहेत असं समजायला हरकत नाही.

कार्डिओ बहुतेक दिवस सोपंच ठेवावं. सोपं म्हणजे पळताना किंवा पेडल मारताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं तर फारच हळू चाललंय आणि दोन शब्दांत दम तुटला तर जास्त होतंय. कडक इंटरव्हल आठवड्यातून एकदा पुरे, आणि पायांच्या जड दिवसाच्या आदल्या दिवशी नकोतच.

झोपेला लोक यात धरतच नाहीत. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात १० जणांना तेच कमी कॅलरीचं खाणं देऊन १४ दिवस साडेआठ तास आणि वेगळे १४ दिवस साडेपाच तास अंथरुणात राहू दिलं. वजन दोन्ही वेळी सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातली चरबी ५५ टक्क्यांनी कमी गेली आणि उरलेलं वजन स्नायू वगैरेतून गेलं. पहाटे चारला उठून कार्डिओ करणाऱ्याने रात्री किती वाजता दिवा मालवला तेही मोजावं.

वजनकाट्यावर हे सगळं नीट दिसत नाही. स्नायूत साठलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर, साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे एक दिवस जास्त खाल्लं की काटा किलोभर वर आणि दोन दिवस कमी खाल्लं की किलोभर खाली, चरबीला काहीही झालेलं नसताना. आठवड्याची सरासरी काढावी, कंबर टेपने मोजावी, महिन्यातून एकदा त्याच उजेडात फोटो काढावा. वजन उतरायचा वेग आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का ठेवला तर मसल सांभाळले जातात.

छातीत दुखणं, चक्कर किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवूनच सुरू करावं. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा हार्ट रेट औषधामुळेच फारसा वर जात नाही, त्यामुळे जास्तीत जास्त हार्ट रेट २२० वजा वय असा धरून काढलेले झोन, म्हणजे ठोक्यांच्या मर्यादा, त्यांना लागू पडत नाहीत, त्यांनी मनगटावरच्या घड्याळापेक्षा वाक्य पूर्ण बोलता येतंय का तेच बघावं.