शेषदृष्टी

दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या पडद्याचा) आनुवंशिक ऱ्हास झालेल्या प्राण्यांत मागे उरणारी प्रकाशाची व आकारांची जाण. बहुतेक प्रकारांत आधी अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी मरतात आणि लख्ख उजेडात व रंगांसाठी काम करणाऱ्या शंकुपेशी मागाहून. त्यामुळे दिवसा धावणारे जनावर दिवेलागणीला उंबऱ्यापाशी थबकते.

या विषयाचा उगम अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ क्लाइड कीलर यांच्या दंडपेशीविहीन उंदरांत (१९२४) शोधतात. या आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांतील बाहुल्या उजेडात आकसतात, हे त्यांनी १९२७ मध्ये नोंदवले. तो वंश दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नामशेष झाला असे मानतात. त्यामुळे पुढे प्रयोगशाळांत रूढ झालेला ‘आरडी’ (रेटिनल डीजनरेशन, म्हणजे दृष्टिपटलाचा ऱ्हास) उंदीर तोच की वेगळा, हा वाद बराच काळ चालला. १९९३ मध्ये कीलर यांच्या जुन्या काचपट्ट्यांवरील ऊतींतून डीएनए काढण्यात आला, तेव्हा दोहोंत एकच उत्परिवर्तन (जनुकातील बदल) आढळले. ओळखीचा प्रश्न त्याने मिटला असे म्हणता येईल.

बाहुली आकसते कशाने, यावरही दोन मते होती. काहींनी श्रेय उरल्यासुरल्या शंकुपेशींना दिले. मात्र दंडपेशी व शंकुपेशी दोन्ही नसलेल्या उंदरांतही हा प्रतिसाद आणि दिवसरात्रीचे घड्याळ टिकते, असे १९९९ ते २००१ दरम्यान दिसून आले. मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या, स्वतःच प्रकाश टिपणाऱ्या गुच्छिका पेशी (दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी) हे त्याचे कारण होय. त्यांना सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सर्वाधिक जाणवतो. त्यांच्यामुळे ढोबळ आकारही कळतात असा एक दावा आहे. पण त्याला पाहणे म्हणण्याइतकी ती जाण खचितच नव्हे. म्हणून केवळ बाहुली हलते एवढ्यावरून जनावराला दिसते असे ठरवू नये.

लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल, पूडल या कुत्र्यांत दृष्टिपटलाचा हा आनुवंशिक ऱ्हास परिचित आहे. सवयीच्या अंगणात असे कुत्रे बिनचूक फिरते. खाट जागची हलवली की धडकते. डोळ्यांपुढे हात झटकून पाहणे फसवे ठरते, कारण वाऱ्याच्या झोतानेही पापणी मिटते. त्याऐवजी कापसाचा बोळा वरून सोडावा आणि नजर त्याच्यामागे जाते का, हे आधी उजेडात व मग अंधारात पाहावे.

माण, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत, नुसत्या वाळल्या कडब्यावर राहिलेल्या जनावरांच्या रातांधळेपणात जीवनसत्त्व अ ची कमतरता आधी तपासावी. वेळीच हिरवा चारा मिळाला तर तो बरा होऊ शकतो. आनुवंशिक ऱ्हास चाऱ्याने थांबत नाही.