स्थानिक खरेदी (बेळगाव सीमाभाग)

स्थानिक खरेदी म्हणजे आपल्या गावात, तालुक्यात, फार तर शेजारच्या जिल्ह्यात तयार झालेली वस्तू मुद्दाम बघून घेणं, लांबनं ट्रक-कंटेनरमधनं आलेली नको म्हणणं. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यात याला असं काही खास नाव नाही, बाजारात "हे हितलंच काय?" एवढं विचारतात आणि पिशवी उघडतात. पर्यावरणासाठी ही सवय चांगली आहे असं सगळेच म्हणतात आणि ती आहेच, फक्त का चांगली आहे ते सांगताना गाडी डिझेलवरच अडते.

माल कमी फिरला की धूर कमी हे खरं, पण तो हिशोबाचा लहान भाग. अमेरिकेत २००८ साली वेबर आणि मॅथ्यूज या दोघांनी तिथल्या घरांत येणाऱ्या खाण्याचं गणित मांडलं तर हवामान तापवणाऱ्या एकूण वायूंपैकी ८३ टक्के पिकवण्या-बनवण्यात निघाले आणि तयार माल दुकानापर्यंत पोचवण्यात जेमतेम ४. म्हणजे वस्तू कशाची केलीय, किती वर्षं टिकते आणि तुटली तर कोण नीट करून देतं हे किलोमीटरपेक्षा मोठं. बनवणारा जवळ असला की या तिन्ही गोष्टी डोळ्यासमोर राहतात, माझ्या मते जवळच्या मालाचं खरं मोल हेच.

कोल्हापुरी पायताण बघा. नाव कोल्हापूरचं, पण २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या चारांनाही, आणि अथणी-निपाणीकडं हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. जुन्या पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून टांगतात, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरतात, ते हळूहळू मुरतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचं काम लवकर होतं पण त्याचं सांडपाणी ओढ्याला गेलं तर शेतीचं नुकसान ठरलेलं. पारंपरिक जोडाला खिळा नसतो, शिवण चामड्याच्याच वादीची, त्यामुळं अंगठा तुटला की नवा बसवून मिळतो आणि तेच पायताण परत वापरात येतं. फोमची चप्पल तुटली की थेट कचऱ्यात, ती कुठं शिवून मिळणार?

खानापूरच्या मातीच्या भांड्यांचं पण तसंच. कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योग आयोगाची संस्थाही खानापुरातच आहे. घागर घेताना बोटाच्या पेरानं ठोकून बघायची, खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची नाहीतर कुठंतरी चीर गेलेली, ठेवून द्यायची. पाणी भरलं की अंगाला घाम सुटतो आणि तो वाळताना उष्णता ओढून घेतो म्हणून विजेशिवाय पाणी गार राहतं. पण भट्टीला लाकूड लागतं आणि धूर होतोच, हे लपवायचं कारण नाही.

इथं हा विचार नवा नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि सभासद व्हायचं तर महिन्याला २००० वार सूत द्यायचं ही अट तिथंच पक्की झाली. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे यांनी जवळच्या हुदली गावात खादीचं काम उभं केलं. तेव्हा प्रश्न पारतंत्र्याचा होता, झाडापाण्याचा नव्हता, तरी विणणाऱ्याचं गाव माहीत असावं ही ओढ तीच.

अडचण येते ती अर्धवट स्थानिक वस्तूंची. शहापूर-वडगावच्या मागावरची साडी विणली हितंच, पण धागा आणि रंग बाहेरचा, त्यामुळं कुठं विणलं आणि कशानं विणलं हे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. गणपतीचं तर अजून अवघड. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही म्हणून नको, हे पटतं, पण शाडूची माती बरीचशी गुजरातेतनं येते. ती पाण्यात विरघळते एवढ्यासाठी लांबची असूनही शाडूच बरी, आणि शेताच्या नाहीतर तळ्याच्या मातीची मूर्ती करून देणारा कुणी ओळखीचा असला तर ऑर्डर श्रावण लागायच्या आधीच द्यावी, नुसत्या मातीची मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी लागते, घाईत तडकते.