वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब मोजला आणि तो १६०/७० आला, की घरचे बुचकळ्यात पडतात. वरचा आकडा भलताच जास्त, खालचा मात्र कमीच. मग बीपी वाढलंय की उतरलंय? वाढलंय. उतारवयातल्या उच्च रक्तदाबाचं हेच सगळ्यात नेहमीचं रूप आहे.

तरुण माणसाची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रबरी नळीसारखी असते. हृदयाने रक्ताचा लोंढा सोडला की ती फुगते, तो धक्का पोटात घेते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे ढकलत राहते. हा लवचिकपणा इलॅस्टिन नावाच्या धाग्यांमुळे असतो. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी ते धागे झिजतात, तुटतात, त्यांच्या जागी कोलॅजेनचे ताठर धागे येतात. नळी ताठ झाल्यावर धक्का जिरवणार कोण? वरचा आकडा चढतो. मधल्या वेळात ढकलायला जोर उरत नाही, म्हणून पन्नाशी-साठीनंतर खालचा उतरू लागतो.

जेवण बदलून ही ताठ नळी पुन्हा तरुण होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पण त्या नळीतून वाहणारं पाणी किती असावं, हे बरंचसं ताटावर ठरतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या वयाबरोबर कमी होत जातात. तरुणपणी जास्तीचं मीठ शरीर चटकन बाहेर टाकायचं, तेच आता रेंगाळतं आणि सोबत पाणी धरून ठेवतं. नळ्या ताठ, त्यामुळे थोड्याशा जास्तीच्या पाण्यानेही दाब जास्त वाढतो. तेवढंच मीठ, पण तिशीत पचलेलं आणि सत्तरीत भोवलेलं! भरीत भर म्हणजे याच वयात जीभ आणि त्याहून जास्त नाक मंदावतं, सगळं अळणी लागतं आणि हात मिठाकडे जातो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा. जगाची सरासरी याच्या दुपटीच्या आसपास आहे. आणि ते सगळं वरून घेतलेलं नसतं. पाव, चीज, तयार सूप, सॉस यांतलं मीठ जिभेला जाणवतसुद्धा नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या काही गोळ्यांतही बरंच सोडियम असतं, ते तर कुणाच्या हिशेबातच नसतं.

तरी मला वाटतं, मिठाच्या नादात आपण पोटॅशियमला विसरतो. आणि खरी गंमत तिथेच आहे. मूत्रपिंडाच्या नलिकेत मीठ परत रक्तात ओढून घेणारं प्रथिनाचं एक दार असतं. आहारात पोटॅशियम कमी पडलं की हे दार सताड उघडतं, शरीर मीठ साठवतं. भाज्या, फळं, डाळी, बटाटे, दूध यांतून पोटॅशियम भरपूर मिळालं की दार मिटू लागतं आणि मीठ लघवीवाटे निघून जातं. थायझाइड गटातल्या बीपीच्या गोळ्या नेमकं हेच दार अडवतात. भाजीपाला औषधासारखा काम करतो हे वाक्य एरवी मी ऐकून सोडून देतो, पण इथे ते अक्षरशः खरं आहे.

१९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डॅश' प्रयोगात ४५९ माणसांना मोजूनमापून जेवण दिलं गेलं. मीठ सगळ्यांना सारखंच, वजनही बदलू दिलं नाही. एका गटाच्या ताटात फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूधदुभतं वाढवलं, एकूण चरबी कमी केली. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता, त्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवणाऱ्यांच्या तुलनेत ११ अंकांनी खाली आला.

हे झालं सगळ्या वयांचं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'टोन' या अभ्यासात फक्त ६० ते ८० वयाची, बीपीची गोळी चालू असलेली माणसं होती. त्यांनी दिवसाला सरासरी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ कमी केलं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवल्यावर दाब काबूत राहण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. म्हाताऱ्यांच्या सवयी आता काय बदलणार, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

पण सोडण्यापेक्षा बदलणं सोपं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर, सरासरी वय ६५, एक प्रयोग झाला. निम्म्या गावांना साधं मीठ, निम्म्यांना तीन भाग साधं आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी, मृत्यूंचं १२ टक्क्यांनी. तिथल्याच ४८ वृद्धाश्रमांतल्या दुसऱ्या प्रयोगात असं मीठ वापरल्यावर वरचा आकडा सरासरी ७ अंकांनी घटला. त्याच प्रयोगात स्वयंपाकघराला मीठच हळूहळू कमी पुरवण्याचा उपायही करून पाहिला होता. तो फसला.

मात्र हे मीठ दुकानातून उचलून थेट बरणीत ओतू नये. मूत्रपिंड कमकुवत असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधं चालू असतील, तर पोटॅशियम शरीरात साठतं आणि त्याचा अतिरेक हृदयाचे ठोके बिघडवतो. आधी रक्ततपासणी, मग डॉक्टरांशी बोलणं. उलट टोकाचाही धोका आहे. थायझाइड घेणाऱ्या वृद्धाने मीठ पार तोडलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. ग्लानी येते, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो. वजन उतरवतानाही घाई नको, कारण या वयात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि गेलेले स्नायू सहजी परत येत नाहीत.

एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगितलेलीच नसते. जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं. तरुण शरीर बाकीच्या रक्तवाहिन्या आवळून ते सावरतं, म्हाताऱ्या शरीराला ते वेळेत जमत नाही. काही जणांचा वरचा आकडा जेवणानंतरच्या दोन तासांत २० किंवा त्याहून जास्त अंकांनी कोसळतो, आणि ताटावरून उठताना भोवळ येते. भात, पाव, गोड असं पिष्टमय भरपेट जेवण झालं तर जास्तच. थोडं थोडं, पण जास्त वेळा खाणं आणि जेवणाआधी पेलाभर पाणी यांनी फरक पडतो. हृदयविकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. म्हणूनच दुपारी जेवल्यावर घेतलेला आकडा छान दिसला, तरी वहीत त्याच्यापुढे 'जेवणानंतर' असं लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधी पुन्हा मोजा.