शून्य कुठं सरकलं?

"मामा, दिवा लागायलाय, पण आवाज फाटायलाय."

गंगाखेडहून भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला हा मुलगा आठ दिवस व्हेरोबोर्ड (सुटे भाग जोडायची भोकांची पट्टी) घेऊन सोल्डरिंगच्या रोझिनच्या धुरात बसला होता. आजोबांच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी त्यानं मोबाइलमध्ये उतरवल्या होत्या. रेकॉर्डिंग इतकं हळू, की मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला तरी पखवाज जेमतेम ऐकू यायचा. म्हणून खिशात मावणारा, ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच बनवायचं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो परभणीला माझ्याकडे आला. पिशवीत बोर्ड, सेल, दहा-बारा जादा रेझिस्टन्स (विजेला रोध करणारे सुटे भाग) आणि सुपारीचा एक रिकामा पत्र्याचा डबा.

त्यानं निवडलेलं सर्किट जगभरच्या हौशी लोकांनी पहिला प्रयोग म्हणून केलेलं आहे. चू मोय यांनी ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं, आणि त्यांच्या नावावरून लोक त्याला 'सीमॉय' म्हणतात. एकच आठ पायांचा आयसी, म्हणजे चिप, त्यात सिग्नल मोठा करणारे दोन ऑप-अ‍ॅम्प, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. प्रत्येकाला १० किलोओहम आणि १ किलोओहम अशा दोन रेझिस्टन्सची जोडी. त्यांच्या गुणोत्तरात एक मिळवला की आवर्धन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते निघतं, इथं ११ पट. पहिल्यांदा हातात सोल्डरिंग गन धरणाऱ्यालाही झेपावं असं हे काम आहे. पण त्यात एक जागा फार नाजूक आहे, आणि पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

ध्वनीचा सिग्नल शून्याच्या वर आणि खाली असा झुलतो. स्पीकरचा पडदा पुढे जातो तसा मागेही यायला हवा. म्हणून ऑप-अ‍ॅम्पला शून्याच्या वरचा एक आणि खालचा एक असे दोन पुरवठे लागतात. आपल्याकडे सेल एकच. मग सेलच्या दोन टोकांमध्ये ४.७ किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टन्स ओळीनं जोडायचे आणि त्यांच्या मधल्या जोडाला म्हणायचं, हेच आपलं शून्य. नवा सेल ९.४ व्होल्ट दाखवत असेल तर या मधल्या बिंदूपासून एक टोक ४.७ वर, दुसरं ४.७ खाली. इअरफोनची ग्राउंडची वायर याच बिंदूला येते.

हे शून्य आपण ठरवलेलं आहे, निसर्गानं दिलेलं नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला जायकवाडी पुरे. या धरणाचा जलाशय, नाथसागर, काठोकाठ भरला की पेपरात छापून येतं, पाणीपातळी १५२२ फूट. धरणाची उंची मात्र जेमतेम ४१ मीटर, म्हणजे १३५ फूट. हे १५२२ फूट समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. नदीच्या तळापासून मोजलं तर आकडा वेगळा येईल, पाणी तेवढंच राहील. व्होल्टेजचंही तसंच आहे. 'या बिंदूवर किती व्होल्ट?' या प्रश्नाला 'कुठून मोजून?' हे विचारल्याशिवाय उत्तरच नसतं. भाच्यानं मीटरची काळी वायर सेलच्या मायनसला लावून सगळी मोजमापं घेतली होती. त्यामुळे आयसीच्या आउटपुटवर त्याला साडेचार-पाच व्होल्ट दिसायचे, आणि आयसी गेला असं त्याला वाटायचं. काळी वायर मधल्या बिंदूला लावली की तेच आउटपुट शून्याजवळ दिसलं.

दिव्याबद्दलही सांगायला हवं, कारण तो जवळजवळ सगळ्यांना फसवतो. या सर्किटमधला एलईडी आपल्या वेगळ्या रेझिस्टन्ससह सेलच्या दोन टोकांमध्ये बसलेला असतो. तो लागला याचा अर्थ एवढाच, की सेलची वीज बोर्डापर्यंत पोचली. मधलं शून्य जागेवर आहे की नाही, हे त्याला कळायला मार्गच नाही. दोन रेझिस्टन्सपैकी एकाचा जोड ड्राय सोल्डर, म्हणजे धड न चिकटलेला, असला तरी दिवा तितकाच लख्ख लागतो.

आम्ही आधी जोड तपासले. चांगला जोड चकचकीत असतो आणि पायाला चिकटून निमुळता वर चढलेला दिसतो, वाईट जोड धुळकट गोळीसारखा नुसता बसलेला असतो. दोन ठिकाणी तशा गोळ्या होत्या, त्या पुन्हा तापवून नीट केल्या. आयसीची खाच बरोबर बाजूला होती, तो उलटा बसवला असता तर बोटाला चटका बसला असता. मग मीटर. मधल्या बिंदूपासून प्लस ४.७, मायनस ४.७. सगळं पुस्तकासारखं. इअरफोन लावला, आणि भजन पुन्हा फाटक्या भोंग्यातून आल्यासारखं.

इथं आमचा अर्धा तास गेला. इअरफोन काढून मोजलं की बिघाड दिसत नव्हता, लावून ऐकलं की होता. मग इअरफोनच्या जागी डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलवर ३३ ओहमचे रेझिस्टन्स लावले आणि ते तसेच ठेवून मोजलं. नवीन बोर्डाची पहिली चाचणी मी नेहमी अशीच करतो. साध्या इअरफोनचा रोध ३२ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे सर्किटला फरक कळत नाही, आणि काही चुकलं तरी कान आणि इअरफोन दोन्ही सुरक्षित राहतात. आता मीटर बोलला. प्लसकडे ८ व्होल्ट, मायनसकडे दीडही नाही. शून्य मधून उठून मायनसच्या अंगाला जाऊन टेकलं होतं. सिग्नलला खाली झुलायला जागाच उरली नव्हती, म्हणून लाटेचा खालचा भाग कापला जात होता. आवाज फाटतो तो असा.

शून्य ओढलं कुणी? मधला बिंदू दोन रेझिस्टन्सच्या आधारानं उभा आहे, आणि बाहेरून पाहिलं तर दोन्ही रेझिस्टन्स समांतर येतात, म्हणून त्याचा रोध एकाच्या निम्मा, २३५० ओहम होतो. त्यातून एक मिलिअँपिअर जरी एकाच दिशेनं सतत वाहिला, तरी तो २.३५ व्होल्टनं सरकतो. सोबत २२० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर असतात, पण ते संगीताचा येता-जाता प्रवाह सांभाळतात. एकाच दिशेच्या संथ गळतीपुढे त्यांचं काही चालत नाही. आणि एक मिलिअँपिअर वाहायला किती लागतं? आउटपुटवर सिग्नल नसताना ३२ मिलिव्होल्ट उभे असले की ३२ ओहमच्या इअरफोनमधून बरोबर तेवढाच प्रवाह जातो. आमच्या आउटपुटवर इअरफोन काढलेला असताना दोनशेच्या वर मिलिव्होल्ट होते. पहिल्या मोजणीत 'शून्याजवळ' म्हणून आम्ही ते सोडून दिले होते, कारण मीटर २० व्होल्टच्या रेंजवर होता.

मी भिंग घेऊन आयसीवरची अक्षरं वाचली. एनई५५३२. सर्किटमध्ये लिहिलेला आयसी होता ओपीए२१३४. दुकानदारानं "तेच काम करतंय" म्हणून हा दिला होता. पायांची मांडणी तंतोतंत सारखी, त्यामुळे भाच्याला शंका यायचं कारणच नव्हतं. एनई५५३२ वाईट मुळीच नाही. कमी खरखरीसाठी नावाजलेला आहे आणि कितीतरी मिक्सरमध्ये आजही बसतो. पण त्याच्या इनपुटला साधे ट्रान्झिस्टर आहेत, आणि त्यांना चालण्यासाठी थोडा प्रवाह आत घ्यावाच लागतो, साधारण २०० नॅनोअँपिअर. ओपीए२१३४ च्या इनपुटला फेट, म्हणजे वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर आहेत. त्यांना लागणारा प्रवाह काही पिकोअँपिअर, म्हणजे हजारो पटींनी कमी.

आता हिशेब करून बघा. इनपुटवर १०० किलोओहमचा रेझिस्टन्स शून्याला जोडलेला आहे. त्यातून २०० नॅनोअँपिअर ओढले की त्याच्या टोकांत २० मिलिव्होल्ट पडतात. ऑप-अ‍ॅम्प त्यालाही सिग्नलच समजतो आणि ११ पट करतो, म्हणजे २२० मिलिव्होल्ट. मीटरवर आलेला आकडा याच घरातला होता. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. कागदावरचा गुणाकार आणि हातातल्या मीटरचा काटा एकाच जागी येतात, तेव्हा बिघाड अंदाजानं सापडलेला नसतो.

"मग १०० किलोऐवजी १० किलो टाकू की," भाचा म्हणाला. हिशेब त्याला लगेच उमगला होता. दहा पट लहान रेझिस्टन्स, दहा पट कमी व्होल्ट. टाकून बघितला. आउटपुटवरचे मिलिव्होल्ट वीसवर आले, फाटणं कमी झालं, पण पुरतं गेलं नाही, कारण दोन्ही चॅनेलची गळती एकाच दिशेनं जाते आणि तिची बेरीज होते. शिवाय एक नवीनच गोष्ट झाली. टाळ खणखणीत, गळा स्वच्छ, आणि पखवाजाची धूम पार गायब.

कारण तो रेझिस्टन्स एकटा काम करत नाही. त्याच्याआधी ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, आणि दोघं मिळून ठरवतात की कुठल्या स्वराखालचा आवाज अडवायचा. १०० किलोओहम असताना ही सीमा १६ हर्ट्झवर होती, माणसाच्या कानाच्या कक्षेखाली. १० किलोओहम करताच ती १६० हर्ट्झवर गेली. पखवाजाच्या कणीक लावलेल्या अंगाचा सगळा भरदारपणा त्याच्या खाली राहतो. कंडेन्सर १ मायक्रोफॅरडचा केला असता तर धूम परत आली असती, पण उरलेली गळती तशीच राहिली असती. आम्ही जुना रेझिस्टन्स परत लावला आणि योग्य आयसी मागवला.

तो कुरिअरनं आठवड्यानं आला. बसवला, ३३ ओहम लावले, मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर घेतला. एका चॅनेलवर ३, दुसऱ्यावर २ मिलिव्होल्ट. सेल तोवर ९.२ वर उतरला होता आणि मधल्या बिंदूच्या एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला ४.२ व्होल्ट होते. एवढं सरकणं चालतं. भाच्यानं डोळे मिटून एक अभंग पूर्ण ऐकला आणि मग इअरफोन माझ्या कानाला लावला.

डब्यात बसवल्यावर सगळं पुन्हा मुकं झालं. या वेळी मीटरवर एका बाजूला पूर्ण ९.२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य आलं, आणि असा आकडा आला की शोध सोपा असतो, मधला बिंदू कुठंतरी थेट मायनसला चिकटलेला असतो. भाच्यानं अ‍ॅडॉप्टर लावता यावा म्हणून डब्याला एक जादा सॉकेट पाडलं होतं. त्याचं धातूचं अंग म्हणजे मायनस. इअरफोनच्या जॅकचं धातूचं अंग म्हणजे आपलं ठरवलेलं शून्य. दोघांचे नट एकाच पत्र्यावर आवळलेले. लॅपटॉपच्या यूएसबीवरून अ‍ॅम्प्लिफायर चालवून त्याच लॅपटॉपचं गाणं त्यात सोडलं तरी हेच होतं. तिथं यूएसबीचा मायनस आणि ऑडिओचं ग्राउंड लॅपटॉपच्या पोटात एकच असतं, आणि आपला मधला बिंदू त्या वाटेनं मायनसला जाऊन मिळतो.

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्यानं दोन चकत्या कापल्या, सॉकेटचं भोक कानसून थोडं मोठं केलं आणि पत्र्याच्या आतून-बाहेरून एकेक चकती लावून नट आवळला. डबा आता फक्त शून्याला जोडलेला, म्हणजे बाहेरच्या लहरींपासून आडोसाही झाला.

तरी आजोबांचा बटणांचा टूजी फोन शेजारी असला की कॉल यायच्या आधी इअरफोनमध्ये टर्र-टर्र येते. हा फोन सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहानसा स्फोट केल्यासारखा प्रक्षेपण करतो, आणि २१७ हर्ट्झ हा चांगला ऐकू येणारा स्वर आहे. इअरफोनची वायर अँटेना बनून तो आत आणते, त्यामुळे डब्याचं झाकण लावूनही पूर्ण थांबत नाही. फोन दोन हात लांब ठेवला की जातो. आजोबा आता भजन ऐकताना फोन कोनाड्यात ठेवतात.