नवोदित कोणाला म्हणायचे? कॅल्डर करंडकाच्या वादांची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा. तिच्यातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूला दिल्या जाणाऱ्या कॅल्डर स्मृती करंडकासाठी २०२४-२५ च्या हंगामाअखेर तीन नावे उरली आणि ती तिन्ही निरनिराळ्या जागी खेळणाऱ्यांची होती. सॅन होजे शार्क्सचा आघाडीपटू मॅकलिन सेलेब्रिनी ७० सामन्यांत ६३ गुण मिळवून आला होता, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा लेन हटसन बचावपटू असूनही ६६ गुणांसह सर्व नवोदितांच्या पुढे होता, तर कॅल्गरी फ्लेम्सचा डस्टिन वुल्फ गोलरक्षक असल्यामुळे त्याचे मोल गुणांत मोजताच येत नव्हते. (आइस हॉकीत गोलाचा एक गुण आणि गोलाला साहाय्य केल्याचा, म्हणजे असिस्टचा, एक गुण खेळाडूच्या नावावर जमा होतो.) करंडक हटसनला मिळाला. मात्र गोल करणारा, गोल अडवणारा आणि खेळ मागून पुढे नेणारा यांना एकाच तराजूत कसे घालायचे, हा प्रश्न या पुरस्काराइतकाच जुना आहे.

फ्रँक कॅल्डर हे १९१७ पासून एनएचएलचे पहिले अध्यक्ष. त्याआधी ते मॉन्ट्रियलमध्ये क्रीडापत्रकार होते. सर्वोत्तम नवोदिताची निवड १९३२-३३ पासून होऊ लागली आणि पहिला मान कार्ल व्हॉस याला मिळाला. १९३६-३७ पासून कॅल्डर दरवर्षी एक करंडक विकत घेऊन तो विजेत्याला कायमचा देऊन टाकत. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर लीगने त्यांच्या नावाने स्मृती करंडक सुरू केला. आज हॉकी पत्रकारांची व्यावसायिक संघटना साखळी सामने संपताच मतदान करते. प्रत्येक मतदार पसंतीक्रमाने पाच नावे देतो आणि त्यांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ व १ अशी मते मोजली जातात.

तुलनेचा सर्वांत कठीण प्रसंग माझ्या मते १९७१-७२ चा. त्या हंगामात बफलोच्या रिचर्ड मार्टिनने ४४ गोल करून नवोदितांचा विक्रम केला आणि डेट्रॉइटच्या मार्सेल डिओनने ७७ गुणांचा. एरवी यांपैकी कोणताही एक विक्रम करंडकासाठी पुरेसा ठरला असता. पण त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या गोलपुढे केन ड्रायडन उभा होता. खेळ दुसऱ्या टोकाला गेला की स्टिक समोर रोवून, तिच्या टोकावर दोन्ही हात ठेवून आणि हातांवर हनुवटी टेकवून उभा राहणारा हा उंचापुरा गोलरक्षक कायद्याचा विद्यार्थी होता. आदल्या वर्षी तो साखळीतील केवळ सहा सामने खेळला होता. त्यानंतरच्या बाद फेरीत मात्र त्याने संघाला स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, मिळवून दिले आणि त्या फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही पटकावला. बाद फेरीचे सामने पात्रतेच्या हिशेबात धरले जात नसल्याने पुढच्या हंगामात तो नवोदितच ठरला आणि ३९ विजयांच्या बळावर कॅल्डर करंडक घेऊन गेला. मार्टिन आणि डिओन यांच्याविषयी हळहळ वाटते, तरी मतदारांचा कौल मला योग्य वाटतो.

पात्रतेची गाठ याहून अवघड होती. वेन ग्रेट्झकी १९७८-७९ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये खेळला. ती लीग १९७९ मध्ये गुंडाळली गेली आणि तिचे चार संघ एनएचएलमध्ये आले. पहिल्याच हंगामात ग्रेट्झकीने १३७ गुण मिळवले, लीगच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडक जिंकला. परंतु आधीच्या व्यावसायिक हंगामामुळे त्याला नवोदित मानले गेले नाही आणि कॅल्डर करंडक बॉस्टनच्या रे बोर्क याला मिळाला. पुढच्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियातून निसटून आलेला पीटर श्टास्टनी, वयाने २४ वर्षांचा आणि जागतिक स्पर्धांत तावून सुलाखून निघालेला, १०९ गुणांसह नवोदित म्हणून गौरवला गेला. श्टास्टनीच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही, पण १९ वर्षांच्या ग्रेट्झकीला एक न्याय आणि त्याला दुसरा, ही विसंगती आजही खटकते.

ती विसंगती टोकाला गेली १९८९-९० मध्ये. सोव्हिएत संघाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेला सर्गेई माकारोव्ह ३१ व्या वर्षी कॅल्गरीकडून खेळायला आला आणि ८६ गुणांसह विजेता ठरला. १९ वर्षांचा माइक मोडॅनो ७५ गुणांनिशी मागे राहिला. इतक्या मुरलेल्या खेळाडूला नवोदित म्हणणे अनेकांना पटले नाही. त्यानंतर लगेच नियम आला की, हंगामाच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत खेळाडूने वयाची २६ वर्षे पूर्ण केलेली नसावीत. याशिवाय आधीच्या कोणत्याही एका हंगामात २५ हून अधिक, किंवा कोणत्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा वा अधिक सामने तो खेळलेला नसावा, अशी अट आहे. मात्र युरोपातील लीगचे सामने यात मोजले जात नाहीत. म्हणूनच २०१५-१६ मध्ये रशियातील लीग गाजवून आलेला २४ वर्षांचा आर्तेमी पनारिन ७७ गुणांसह जिंकला, आणि खांद्याजवळचे हाड (कॉलरबोन) मोडल्यामुळे ४५ सामन्यांत ४८ गुणांवर थांबलेला कॉनर मॅकडेव्हिड तिसरा आला.

काही वर्षी मात्र वादाला जागाच उरली नाही. विनिपेगच्या टीमू सेलाने याने २ मार्च १९९३ रोजी माइक बॉसीचा नवोदितांमधील ५३ गोलांचा विक्रम मोडला, हातमोजा हवेत भिरकावला आणि स्टिक बंदुकीसारखी रोखून त्यावर नेम धरला. हंगामाअखेर त्याचे ७६ गोल झाले. तो विक्रम अजून अबाधित आहे.

बचावपटूंच्या वाट्याला असे निर्विवाद वर्ष क्वचित येते. श्टास्टनी जिंकला त्याच १९८०-८१ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या लॅरी मर्फीने ६० असिस्ट आणि एकूण ७६ गुण मिळवले होते. नवोदित बचावपटूंमध्ये ते दोन्ही विक्रमच होते, तरी करंडक हुकला. हटसनने २०२४-२५ मध्ये नेमके ६० असिस्ट करून मर्फीची बरोबरी साधली आणि ड्रायडननंतर प्रथमच कॅल्डर करंडक मॉन्ट्रियलला आणला. गोलरक्षकांमध्ये २००९ च्या स्टीव्ह मेसननंतर कोणाला तो मिळालेला नाही. वुल्फ दुसऱ्या क्रमांकावर राहिला.